सागर वैभव नॉटिकल डेकोर, डिंडोली

७ एप्रिल २०२५, सोमवार
जहाजावरचा कॅप्टन रोज लॉगबुक लिहितो. आजपासून मीही लिहिणार.
वारा: लाइट गेलेली, पंखा बंद, काही समजलं नाही. हवामान: घामट. जहाज: दोन खोल्या आणि वरची गच्ची, डिंडोली. खलाशी: बायको रंजना, मुलगी प्रियांका.
नोकरी सोडली. लूमच्या मालकाने काढलं, असं शेजारचा हेमराज गल्लीभर सांगत फिरतोय. निम्मे लूम भंगारात गेले आणि उरलेल्यांना माझ्यासारखा मास्टर लागत नाही, एवढंच शेठ म्हणाला. म्हणजे मीच सोडली.
हिशोबाला शेठच्या नव्या फ्लॅटवर गेलो होतो. हॉलच्या भिंतीवर जहाजाचं लाकडी चाक. कोपऱ्यात तीन पायांवर पितळी दुर्बीण. टेबलावर होकायंत्र. मी विचारलं, शेठ, जहाज घेतलं का? शेठ म्हणाला, घरात समुद्र असला की रिच वाटतं. तिथेच डोक्यात ट्यूब पेटली. सुरतेत रोज नवे फ्लॅट उभे राहतायत आणि सगळ्यांच्या भिंती रिकाम्या. एके काळी इथे चौऱ्याऐंशी बंदरांचे झेंडे फडकत. आणि डिंडोली-नवागाम पट्ट्यात या लाइनमध्ये एकही माणूस नाही. कॉम्पिटिशन शून्य!
आमच्या अमळनेरकडच्या सात पिढ्यांनी समुद्र पाहिलेला नाही, हा मुद्दा रंजनाने काढला. ती साडीवर स्टोन चिकटवत बसली होती. छायाबेन घरोघर साड्या देते, त्यातलं काम. मान वर न करता तिने दुसरंच विचारलं: "बल्बना आजूबाजूले रंगीत कडं दिखस. तुम्हले दिखस का?"
व्होल्टेज कमी-जास्त होतं, म्हणून सांगितलं. बायकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

१३ एप्रिल, रविवार
हजिऱ्याहून फेरीबोटीने घोघा, तिथून अलंग. तोडलेल्या जहाजांचा माल तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडलेला असतो.
सागरी प्रवास उत्तम. मधे थोडी उलटी झाली. थोडी म्हणजे तीनदा. समुद्र खराब होता. शेजारचा माणूस सबंध वाट खमण खात होता, त्याला काही झालं नाही. त्याचा कोठाच मेलेला असणार.
खरा जुना माल फार जड आणि फार महाग. मग एका दुकानदाराने मागची खोली उघडली. होकायंत्रं, दुर्बिणी, वाळूची घड्याळं, घंटा, आणि सूर्य मोजायचं एक यंत्र, सेक्स्टंट. सगळं काळपट, शंभर वर्षं पाण्यात पडल्यासारखं. तो आपणहून म्हणाला, "नवो माल छे, भाई. उपर काळो रंग चडावेलो छे." अँटिक फिनिश म्हणतात त्याला. माणसाचा प्रामाणिकपणा आवडला. फंडाचे पैसे आले होते, ते सगळे घातले. गिऱ्हाइकाला मात्र जुना माल म्हणूनच सांगायचं. उद्या तो जुना होणारच आहे.
आजच नवागामला फुकट नेत्रशिबिर होतं. रंजनाला जायचं होतं. शिबिरं काय, येतच असतात. फेरीचं तिकीट परत मिळत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
गच्चीवर दुर्बिणीची ट्रायल घेतली. अंधार. फिरवली, ओढली, पुसली. अंधारच. दुकानदाराला फोन लावला आणि चार शब्द सुनावले. तेवढ्यात प्रियांका वर आली आणि पुढच्या टोकाचं पितळी झाकण काढलं. मी नेटवर्क खराब आहे सांगून फोन ठेवला.
झाकणाचं मला माहीत होतं. पोरीला धंद्याची नजर आहे का, ते पाहत होतो.
कायमचा नियम: आधी झाकण काढून खिशात, मग डोळा.
झाकण काढल्यावर फर्स्ट क्लास दिसतं. रेल्वेचा पूल दिसला, मालगाडी दिसली. हेमराजची वाळत घातलेली बनियन दिसली, तिचं एकूण एक भोक मोजता आलं. याला म्हणतात क्वालिटी.

२७ एप्रिल, रविवार
पुढच्या खोलीत, दाराजवळ, जहाजाचं चाक लावलं. काय भारदस्त दिसतं! खोलीची शान बदलली.
रंजनाचा खांदा त्याला लागला. संध्याकाळी परत लागला. चाक तिथे असल्याचं आधीपासून माहीत असूनही. म्हणाली, बाजूचं दिसतच नाही. "दुर्बिनमातून देखतस ना, तसं दिखस. मधलं तेवढं. बाजूनं काहीच नही."
मला मनापासून बरं वाटलं. धंद्याबद्दल ती पहिल्यांदाच आपणहून बोलली. हेच वाक्य गिऱ्हाइकासमोर बोल, म्हणून सांगितलं.

११ मे, रविवार
पर्वत पाटियाच्या नाक्यावर रस्त्याकडेला टेबल लावलं. नाव ठळक: सागर वैभव नॉटिकल डेकोर. माणसं खूप थांबली. सावली होती.
एकाने वाळूचं घड्याळ उलटंपालटं करून विचारलं, अंडी उकडायचं का? एकाने सेक्स्टंट हातात घेऊन विचारलं, हे कशाचं मशीन? मी म्हणालो, यानं सूर्य मोजतात. तो म्हणाला, इथे सूर्य मोजायची काय गरज आहे, अंगावरच आहे की.
वास्तुशास्त्रवाला एक गृहस्थ होकायंत्र घ्यायला आला. शहाणा निघाला. तिन्ही होकायंत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. तिन्हींची उत्तर दिशा तीन बाजूंना. त्याला समजावलं की आजूबाजूला लोखंड फार, सुई भांबावते. तो म्हणाला, मग ही समुद्रात काय करत असतील, जहाज तर सगळं लोखंडाचंच. अशा माणसाशी काय बोलायचं?
एक घंटा गेली! मारुतीच्या देवळासाठी.

१२ मे, सोमवार
घंटा परत आली. तिच्यावर LONDON कोरलंय. पुजारी म्हणाला, देवाला चालणार नाही.

२ जून, सोमवार
छायाबेनने साड्या परत आणून टाकल्या. स्टोन बुट्ट्यात बसण्याऐवजी भलतीकडेच बसलेत म्हणे. आता रंजनाला काम देणार नाही. रंजना भिंतीकडे तोंड करून बसली होती. रडली बहुतेक.
मी तिला समजावलं, यात रडण्यासारखं काय आहे? झालं ते चांगलंच झालं. आता ती पूर्णवेळ आपल्या पॅकिंगला मिळाली.
चहा ओतताना निम्मा कपाबाहेर सांडला. घरात लक्षच नाही तिचं. बोललो थोडं. नंतर वाटलं, जास्त बोललो. उद्यापासून आवाज चढवायचा नाही.

१९ जून, गुरुवार
आवाज चढला. आमटीत दोनदा मीठ.
प्रियांका म्हणते, "मम्मीने आंखना डॉक्टरने बतावी दईए ने, पप्पा." पोरगी मार्केटमध्ये ऑनलाइन साड्या विकते, तेव्हापासून घरातही गुजरातीच बोलते. मंगळवारची सुट्टी काढून स्वतः नेते म्हणाली. मी स्पष्ट सांगितलं, घरचा कर्ता माणूस मी आहे, नेणार मी. आणि शिबिरात नाही, सरकारीत नाही, एसी असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात. एक ऑर्डर लागू दे फक्त. बायकोच्या डोळ्यांच्या बाबतीत मी तडजोड करणारा माणूस नाही.
रंजना म्हणाली, ते नेतील तेव्हा जाऊ. तिचा माझ्यावर विश्वास आहे. घरात निदान एकाचा तरी आहे.

८ जुलै, मंगळवार
हवामान: पाऊस. गच्चीवरचा माल खाली, आम्ही मालावर. रंजना घंटेवर झोपली असती, मी वेळेत उचलली.
आजची ऐतिहासिक घटना: गजेंद्रभाई. इंटिरियरचं काम करतात. पर्वत पाटियाजवळच्या नव्या बिल्डिंगीत सॅम्पल फ्लॅट सजवायचाय, थीम जुनं जहाज. फोटो बघून म्हणाले, सगळा माल घेतो. सगळा! आणि एक फ्लॅट आवडला की पुढे चाळीस फ्लॅट. त्यांची अट एकच, माल जुना दिसायला हवा: "जूनुं लागवुं जोईए." मी म्हणालो, भाई, शंभर वर्षांच्या आत आमच्याकडे काही नाहीच.
शनिवारी, २ ऑगस्टला, स्वतः येऊन माल बघणार आणि घेऊन जाणार. लागलंच जहाज किनाऱ्याला!
रंजनाला सांगितलं, आता तुझ्या डोळ्यांचं ऑगस्टमध्ये पक्कं. ती बरं म्हणाली. तिचं कपाळ दुखत होतं, डोळ्यावर ओलं फडकं घेऊन पडली होती. प्रियांका ताटावरून उठून गेली. आजकालच्या मुलांना धीर नाही.

२२ जुलै, मंगळवार
यंदा कानबाई, आमची खान्देशची श्रावणातली देवी, आमच्याकडे बसणार. भाऊबंदांनी ठरवलं. नैवेद्याचे रोट आमच्या घरी, बाई आमच्या घरी, ऑगस्टच्या ३ तारखेचा रविवार. रंजना खूश. बऱ्याच दिवसांनी खूश दिसली. देवी घरात यायची म्हणजे घर धुऊन-पुसून लख्ख हवं, भांडं न् भांडं घासलेलं हवं, असं तिची सासू, म्हणजे माझी आई, सांगून गेलीय. ते ती पाळते.
मला मध्ये पडायला वेळ नाही. मी गजेंद्रभाईंच्या मागे.
(तिला आता भिंतीला हात लावून चालायची सवय लागलीय. वाईट सवय, भिंतीचा चुना निघतो.)

२ ऑगस्ट, शनिवार
दुपारी गजेंद्रभाईंना मोटारसायकलवर मागे बसवून आणलं. वाटेत मी त्यांना होकायंत्राचा इतिहास सांगितला. कुठल्या इंग्रज कॅप्टनचं, कुठल्या वादळातलं. मला स्वतःला तो खरा वाटू लागला होता.
दार उघडलं. कोणी तरी आत दिवा लावून ठेवलाय असं वाटलं.
सगळा माल खाटेवर ओळीने मांडलेला. घंटा, दुर्बीण, सेक्स्टंट, वाळूच्या घड्याळाच्या पितळी चकत्या. पिवळंधमक. चिंचेने आणि राखेने घासून, पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून. काळा रंग औषधालाही शिल्लक नाही. शंभर वर्षं एका दुपारीत नाहीशी झाली.
गजेंद्रभाई हसले. "आ तो लगनना वासण छे." लग्नातली भांडी म्हणे!
रंजना मोरीत पाठमोरी बसलेली. आम्ही आलेलो तिला कळलं नव्हतं. हातात मोठं होकायंत्र. काथ्याने घासत होती, बोटांची सालं निघाली होती. मी हाक मारली, तर मान भलत्याच बाजूला वळवून म्हणाली, "हाई एक निंघतच नही. कव्हयनी घासी राहिनी, आजून काळंच शे."
मी जवळ गेलो. होकायंत्र लखलखत होतं. त्याच्यात माझं तोंड दिसत होतं, वर गजेंद्रभाईंचं दिसत होतं.
तिच्या तोंडासमोर मी हात हलवला. ती घासतच होती.
परत हलवला.
गजेंद्रभाईंचं हसू गेलं. चप्पल घालता घालता हळूच म्हणाले, "भाभीनी आंख बतावो, भाई." मालाविषयी एक शब्द नाही. त्यांना सोडायला खालपर्यंत गेलो. ते रिक्षाने गेले.
वर आल्यावर मी तिच्यावर ओरडलो नाही. हे इथे लिहून ठेवतो. फक्त होकायंत्र हातातून घेतलं आणि म्हणालो, झालं, निघालं सगळं. तिने विचारलं, खरंच? मी म्हणालो, एकदम लख्ख.
गजेंद्रभाईंना पारख नाही. चकचकीत मालालाही मार्केट आहे.

४ ऑगस्ट, सोमवार
काल कानबाई बसली. रोट रंजनानेच भाजले, चटके घेत. कोणाला कळू दिलं नाही. बायका म्हणाल्या, घर काय चमकतंय, आणि ही पितळी भांडी कसली गं? रंजना म्हणाली, यांचा धंदा आहे. अभिमानाने म्हणाली.
आज तापीवर विसर्जन. गर्दीत तिने माझा शर्ट मागून धरला होता. लग्नानंतर पहिल्यांदाच.
उद्या डॉक्टर. पक्कं.

५ ऑगस्ट, मंगळवार
एसी होता. त्याचा काही उपयोग झाला नाही.
डॉक्टर झामर म्हणाले. आपल्याकडे काचबिंदू म्हणतात. मी म्हणालो, ऑपरेशन करून टाका, मोतीबिंदूचं करतात तसं, खर्चाचं बघू. डॉक्टर म्हणाले, हा तो नव्हे. यात जे गेलं ते परत येत नाही. उजवा डोळा गेलाय. डाव्यात थोडा उजेड आहे, तोही किती दिवस राहील सांगता येत नाही. बल्बभोवती कडी दिसू लागतात, तेव्हाच आला असता तर थेंबांवर भागलं असतं.
मग विचारलं, कधीपासून त्रास आहे?
रंजना म्हणाली, झाले असतील पंधरा दिवस.
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हो, पंधरा दिवस.
प्रियांका बाहेर निघून गेली.
डॉक्टर तरुण आहे. अनुभव कमी वाटतो. दुसऱ्याला दाखवणार.

१२ ऑगस्ट, मंगळवार
दुसरा डॉक्टर म्हातारा आहे. त्यानेही तेच सांगितलं. याचं वय झालंय, मशीन जुनं वाटलं.
मुंबईला दाखवू. दिवाळीनंतर.

२४ ऑगस्ट, रविवार
घरात काही सुधारणा केल्या.
LONDONची घंटा रंजनाच्या खाटेशी बांधली. काही लागलं की वाजवायची. सकाळपासून एकदाही वाजवली नाही. मीच जाऊन विचारतो. तहान लागली होती, पण बोलली नाही.
दाराजवळचं चाक काढलं. भंगारवाल्याने लाकूड म्हणून घेतलं. पितळी माल वजनावर गेला. चकचकीत असल्यामुळे भाव बरा मिळाला, असं तो म्हणाला. म्हणजे रंजनाची मेहनत अगदीच फुकट गेली नाही. तिला सांगितलं, तिला आनंद झाला.
दुर्बीण तेवढी ठेवली. का ठेवली माहीत नाही.
हेमराजने त्याच्या कारखान्यात शब्द टाकला. उद्यापासून बॉबिन भरायला जायचंय. सल्लागार म्हणूनच घेतलंय म्हणा. सध्या बॉबिन भरता भरता सल्ला द्यायचा.
प्रियांका माझ्याशी बोलत नाही. आईशी मात्र आता आमच्या अहिराणीत बोलते, गुजराती सोडून. दोघी बोलत असल्या की मी गच्चीवर जातो.
डाव्या डोळ्यातलाही उजेड कमी होतोय, असं प्रियांकाने हेमराजला सांगितलं. हेमराजने मला सांगितलं.

३१ ऑगस्ट, रविवार
वारा: पश्चिम. हवामान: उघडीप.
आज रंजनानेच घंटा वाजवली. पहिल्यांदा. मी धावत गेलो. पाणी नको होतं, औषध नको होतं. म्हणाली, एवढे दिवस ती दुर्बीण घरात आहे, सगळ्या जगाला दाखवली, मी एकदाही तिच्यातून पाहिलं नाही.
हात धरून गच्चीवर नेलं. जिन्यात तिला पायऱ्या सांगत गेलो, मीच एकीवर चुकलो. दुर्बीण कठड्यावर टेकवली, पुलाच्या दिशेने लावली, तिचा डावा डोळा नीट आणून टेकवला. तिच्या केसांना चिंचेचा वास येत होता, का मला वाटला.
विचारलं, दिसतं का?
ती बराच वेळ पाहत राहिली. मग पुलावरून धडधड ऐकू आली.
"दिखस ना," ती म्हणाली. "पूलवरथून गाडी जाई राहिनी. केवढी लांब शे!" आणि हसली. लहान मुलीसारखी हसली. "चांगली वस्तू लयेल शे तुम्ही. उगीच नावं ठेवेत लोकंसनी."
मी मान हलवली. मग लक्षात आलं, मान हलवून उपयोग नाही. म्हणालो, मालगाडी आहे, लांबच असते.
सवयीने खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. झाकण दुर्बिणीलाच होतं.
ते काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. गाडी जाईपर्यंत ती पाहत होती. मी शेजारी उभा राहिलो आणि डबे मोठ्याने मोजले.